दादा निवडून येईपर्यंत

रविवार, दिनांक २१ डिसेंबर २०२५ रोजी दुपारी बारा वाजून बेचाळीस मिनिटांनी वडजाई नगरपंचायतीच्या मतमोजणीची अखेरची फेरी संपली, तेव्हा नवनिर्धार आघाडीचे नगराध्यक्षपदाचे उमेदवार वीरधवलदादा दोनशे चौदा मतांनी पडले होते आणि त्यांच्याबरोबर शेहेचाळीस माणसांच्या शपथा लोंबकळत राहिल्या होत्या. दादांच्या पडण्यात नवल नव्हते. ते चौथ्यांदा पडत होते आणि त्यांचा हात त्यात आता बराच बसला होता. प्रश्न होता तो त्या शेहेचाळिसांचा.

आमच्या भागात नेता पडला की कार्यकर्ता काहीतरी सोडतो. कोणी चपला सोडतो, कोणी वस्तरा सोडतो, आणि नेता निवडून येईपर्यंत ते अंगाला लावत नाही. नवनिर्धार आघाडीत मागच्या पराभवानंतर ही प्रथा फार बोकाळली होती आणि तिच्यात शिस्त म्हणून उरली नव्हती. एकाने चपला सोडल्या आणि बूट घातले. दुसऱ्याने चहा सोडला आणि कॉफी धरली. तेव्हा आघाडीचे शहर चिटणीस जोतीरामतात्या यांनी शपथ नोंदवही सुरू केली. तात्यांनी साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षे सुपरवायझर म्हणून काढली होती, आणि जी गोष्ट कागदावर नाही ती घडलेलीच नाही, असे त्यांचे ठाम मत होते.

नोंदवहीत प्रत्येकाचा स्वतंत्र नमुना होता. नाव, मतदार यादीतील अनुक्रमांक, सोडलेली वस्तू, सोडल्याची तारीख. 'कालावधी' या रकान्यात 'दादा निवडून येईपर्यंत' असे छापूनच घेतले होते, म्हणजे लिहिण्याचे श्रम वाचावेत. खाली सात कलमे होती. सातवे कलम असे, की जो शपथ मध्येच मोडेल त्याचे नाव बाजाराच्या दिवशी चौकात हलगी लावून पुकारले जाईल. हे कलम तात्यांनी स्वतः घातले होते आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

शेहेचाळीस नोंदींची विगतवारी पाहिली तर अनवाणी फिरणारे एकोणीस, दाढी वाढवणारे अकरा, चहा सोडलेले सहा, मटण सोडलेले चार, गोड सोडलेले तीन, आणि मेहुण्याशी अबोला धरलेले दोघे. या दोघांची तब्येत चार वर्षांत सुधारली होती. शेवटची एक नोंद मात्र कोणत्याच गटात बसत नव्हती. नोंद क्रमांक सत्तावीस, ऋषिराज. चार वर्षांपूर्वी शपथांच्या सभेत माईक त्याच्या हातात आला तोवर चपला, दाढी, चहा, मटण हे सगळे पुढच्यांनी सोडून टाकले होते. सोडण्यासारखे काही शिल्लक नव्हते, आणि समोर आठशे माणसे बसली होती. ऋषिराजने लग्न सोडले.

टाळ्या इतक्या पडल्या की दादांच्या भाषणालाही तेवढ्या पडल्या नव्हत्या. तेव्हापासून आघाडीच्या प्रत्येक फ्लेक्सवर दादांच्या खाली त्याचा फोटो असे आणि त्याखाली 'त्यागमूर्ती' असे लिहिलेले असे.

या त्यागमूर्तीशी तात्यांच्या मुलीची, शिवांजलीची, सुपारी गेल्या नोव्हेंबरात फुटली होती. एवढ्या काटेकोर माणसाने असा घोटाळा कसा केला, असे कोणी विचारील. पण तात्यांनी बूथवार आकडेमोड केली होती आणि तिच्यानुसार दादा नऊशे मतांनी येत होते. एकवीस डिसेंबरला दुपारी एकच्या आत शपथ आपोआप सुटणार होती. म्हणून लग्नाची तारीख आठ फेब्रुवारी धरली, कऱ्हाड रस्त्यावरचे कार्यालय ठरवले, पत्रिका छापायला दिल्या. आकडेमोडीत चूक नव्हती. मतदारांनी ती वाचली नव्हती, एवढेच.

निकालानंतर समर्थकांनी कसे वागावे, याचे परिपत्रक तात्यांनी आधीच तयार ठेवले होते, कारण विजयाचे आणि पराभवाचे अशी दोन्ही परिपत्रके तयार ठेवणे हा कार्यालयीन शिरस्ता आहे. ते त्यांनी मतमोजणी केंद्राच्या फाटकाबाहेर वाटले. 'निकाल लागल्यापासून दोन तास मोबाईल बंद ठेवावा. विजयी उमेदवाराच्या मिरवणुकीत नाचू नये, नाचणे टळत नसेल तर मागच्या रांगेत नाचावे. रडताना फोटो काढायचा झाल्यास आघाडीचे उपरणे दिसेल अशा बेताने रडावे. आपण कुठे कमी पडलो, हा प्रश्न दादांच्या समोर विचारू नये. मशीनविषयी शंका व्यक्त करावी, मात्र ज्या प्रभागात आपला नगरसेवक आला आहे तेथील मशीन वगळून.' अशी एकूण चौदा कलमे होती.

परिपत्रकाची पहिली पायमल्ली एक वाजून दहा मिनिटांनी झाली. जयराज हा आघाडीचा निष्ठावंत. दादांवर गुलाल उधळण्यासाठी त्याने आपला जेसीबी गुलाल भरून उभा ठेवला होता. तो त्याने तसाच वळवून समोरच्या पार्टीच्या मिरवणुकीत नेला. जेसीबीच्या तोंडावर दादांच्या अभिनंदनाचा फ्लेक्स होता तोही काढला नव्हता, त्यामुळे विजयी उमेदवारावर पहिला गुलाल दादांच्या हसऱ्या चेहऱ्याखालून पडला.

"आरं जयराज, काय हे?" तात्यांनी विचारले.

"तात्या, बादली भरल्याली हाय. ओतल्याबिगर खाली येत न्हाई ती. हायड्रॉलिक हाय," जयराज म्हणाला. तांत्रिक कारण असल्यामुळे तात्यांनी ते ग्राह्य धरले.

तात्या घरी आले तेव्हा शिवांजली जेवायची थांबली होती. ती मलकापूरच्या एका इस्पितळात लॅब टेक्निशियन होती. दिवसभर सूक्ष्मदर्शकात डोळा घालून रक्तातल्या पेशी मोजायची, त्यामुळे तिचे बोलणे मोजके असे.

"तात्या, आता?"

"आता पुढची निवडणूक दोन हजार तीस साली."

"पुण्याच्या मोठ्या इस्पितळाची ऑर्डर आलीय मला. दहा फेब्रुवारीला हजर व्हायचंय. आठला लग्न झालं तर ती ऑर्डर मी परत पाठवते आणि इथंच राहते. न्हाई झालं तर दहाला मी पुण्यात. एकतिसाव्या वर्षापर्यंत मी कुणाच्या मतमोजणीची वाट बघत बसणार न्हाई."

"आवं, मग तुमचीच वही, तुमीच लिवली, तुमीच खोडा की ती एक वळ," तात्यांच्या पत्नी बनुबाई आतून म्हणाल्या. त्यांच्या मते लग्न आणि नगरपंचायत यांचा संबंध सनई आणि पंपाचा स्टार्टर यांच्याइतकाच होता.

"खोडता येत नाही. शाईनं लिहिलंय आणि शिक्का आहे."

"शिक्का कुणापाशी असतोय?"

"माझ्यापाशी."

"मग?"

"म्हणूनच खोडता येत नाही," तात्या म्हणाले. बनुबाईंनी भाकरी तव्यावर इतकी जोरात आपटली की विषय संपला.

दुसऱ्या दिवशी ऋषिराज आला. चेहरा उतरलेला होता, पण इस्त्री कडक होती. इस्त्री हे आघाडीचे निवडणूक चिन्ह होते आणि पराभवातही चिन्हाचा मान राखावा असे परिपत्रकात म्हटले होते.

"मामा, मी शपत मोडायला तयार हाय," तो म्हणाला.

"मोड की मग."

"खरं चौकात हलगी लागंल न्हवं? माझ्या लग्नात हलगी पायजेच, पण तसली नको. आन् दादांनी काल सगळ्यांदेखत पाठीवर हात ठिवून सांगितलं, म्हणाले, ऋषिराज, तू हायस तवर आघाडी हाय. आता मी बोहल्यावर चढलो तर आघाडी बुडली म्हणत्याल."

तात्यांना त्याचे म्हणणे पटले. नियम पाळणारा जावई मिळतो आहे, याचे त्यांना समाधान वाटले, आणि जावई मिळत नाही, याचे दुःखही झाले. या दोन भावना त्यांनी वेगवेगळ्या ठेवल्या.

त्या दिवसापासून लग्नाला अठ्ठेचाळीस दिवस होते. तात्यांनी नोंदवही उघडली आणि यंत्र बिघडले की जसे एकेक नट तपासतात तसा एकेक रकाना तपासला. तिसऱ्या तासाला बिघाड सापडला. 'कालावधी' या रकान्याच्या खाली 'निवडणुकीचे नाव' असा एक रकाना होता, आणि तो शेहेचाळीसच्या शेहेचाळीस जणांनी रिकामा सोडला होता. सगळ्यांना माहीतच असल्यामुळे कोणी लिहिलेच नव्हते. म्हणजे दादांनी नगराध्यक्षच व्हायला हवे असे कुठेही नव्हते. दादा कुठल्याही निवडणुकीत निवडून आले की पुरे होते. अठ्ठेचाळीस दिवसांत दादांना कुठेतरी, कशावर तरी निवडून आणायचे, एवढेच आता काम होते.

दादांना ही योजना सांगितली तेव्हा ते गंभीर झाले. "तात्या, कार्यकर्त्यांसाठी मी काहीही जिंकायला तयार आहे," ते म्हणाले. दादा पुण्याला शिकलेले होते आणि शुद्ध बोलत.

पहिली संधी दूध संस्थेत आली. तेथे एका संचालकाची जागा रिकामी होती. दादांकडे म्हैस नव्हती, म्हणून एका कार्यकर्त्याची म्हैस त्यांच्या नावावर केली. परंतु उमेदवाराने सहा महिने सलग दूध घातलेले असावे, असा संस्थेचा नियम निघाला. शिवाय म्हैस आटलेली होती. तिच्यापुढे आघाडीची भूमिका मांडून पाहिली, पण उपयोग झाला नाही.

मग ज्येष्ठ नागरिकांचा हास्य क्लब. तेथे उपाध्यक्षपदाची निवडणूक दहा जानेवारीला होती आणि उमेदवार कोणी मिळत नव्हता. क्लबचे अध्यक्ष भाऊसो फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. त्यांनी अर्ज डोळ्यापासून लांब धरून वाचला.

"उमेदवाराचं वय?"

"एकेचाळीस," तात्या म्हणाले.

"साठ लागतंय. एकोणीस वर्सांनी या. फॉर्म आत्ताच देऊन ठिवतो, तवा घाईत हुडकायला नको."

"भाऊसो, मुलीच्या लग्नाचा प्रश्न आहे."

"व्हय, पण क्लबाचाबी प्रश्न हाय. दादा आमच्यात आले तर लोक हसायचे थांबत्याल. पडल्याल्या माणसाम्होरं हसायला बरं वाटत न्हाई." इतके बोलून सुभेदारांनी वेळ झाल्यामुळे दोन्ही हात वर केले आणि नियमाप्रमाणे तीन मिनिटे हसले.

तिसरा प्रयत्न गणेश मंडळात झाला. मंडळाचा अध्यक्ष चिठ्ठी टाकून निवडतात, त्यामुळे मतदारांचा अडसर नव्हता. सहा चिठ्ठ्या होत्या. त्यांपैकी पाचांवर दादांचेच नाव राहील, अशी व्यवस्था तात्यांनी शांतपणे केली. एक चिठ्ठी दुसऱ्याची ठेवली, कारण प्रक्रिया निःपक्षपाती दिसणे आवश्यक असते. चिठ्ठी उचलण्याचा मान मनुबाईंना दिला. मनुबाई आघाडीच्या महिला शाखेच्या प्रमुख. दादांसाठी त्यांनी चार वर्षे गोड सोडले होते, म्हणजे त्यांच्या निष्ठेत खोट काढायला जागा नव्हती. त्यांनी देवाचे नाव घेतले, डोळे मिटले, आणि सहावी चिठ्ठी उचलली. मंडळाचे अध्यक्षपद साउंड सिस्टिमवाल्याला गेले.

दादांचे नशीब हा विषय आकडेमोडीच्या कक्षेबाहेरचा आहे, अशी नोंद तात्यांनी त्या दिवशी केली. चोवीस जानेवारी उजाडला होता. पत्रिका छापून आल्या होत्या आणि बनुबाईंनी त्या हळदकुंकू लावून कपाटात ठेवल्या होत्या. वाटता येत नव्हत्या.

"तात्या," शिवांजलीने एका सकाळी डबा भरता भरता विचारले, "दादांना निवडून आणायला एवढी माणसं लागत्यात, तर माणसंच आपली घेतली तर?"

ही सूचना इतकी सरळ होती की ती आघाडीत आजवर कोणालाच सुचली नव्हती. तात्यांनी दोन दिवसांत एक नवी संस्था कागदावर उभी केली. नाव, 'शपथग्रस्त कार्यकर्ता संघ, वडजाई'. सभासद म्हणून तेच शेहेचाळीस शपथधारी, चिटणीस या नात्याने स्वतः तात्या, आणि उमेदवार या नात्याने दादा. एकूण मतदार अठ्ठेचाळीस. पद एक, अध्यक्ष. उमेदवार एक, वीरधवलदादा. दादा जिंकले की प्रत्येक मतदाराची स्वतःची शपथ सुटणार होती. ज्याच्या पायाला चपला हव्यात त्याने मत द्यायचे होते, ज्याला चहा हवा त्याने द्यायचे होते. इतका हितसंबंधी मतदारसंघ जिल्ह्यात दुसरा नसेल.

संघाची पहिली सभा आघाडीच्या कार्यालयात झाली. तात्यांनी सांगितले, की एकच अर्ज असल्यामुळे दादांना बिनविरोध घोषित करून आजच विषय मिटवता येईल. तेव्हा धनाजी उठला. धनाजी हा अनवाण्यांचा म्होरक्या. चार उन्हाळे त्याने डांबरावर काढले होते, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होते.

"तात्या, बिनविरोध न्हाई चालायचं. चार वर्सं पाय पोळल्यात आमचं. दादा मतानं आला पायजे. गुलाल मतावर उधळत्यात, अर्जावर न्हाई."

"आन् बिनविरोध आला तर समोरची पार्टी म्हणंल, ह्यांच्या दादाला मत द्यायलाबी माणूस मिळंना," मागून कोणीतरी म्हणाले.

हा मुद्दा सर्वांच्या जिव्हारी लागला. दादांनीही मान डोलावली. मतदान ठरले. गुप्त, शिक्क्याने, रविवार एक फेब्रुवारीला, सकाळी नऊ ते अकरा.

तात्यांनी मतपत्रिका घरीच आखल्या. पहिल्या चौकोनात 'वीरधवलदादा', दुसऱ्यात 'वरीलपैकी कोणी नाही'.

"ती दुसरी भानगड कशाला काढली आनि?" बनुबाईंनी विचारले.

"दुसरा चौकोन असल्याशिवाय मतदान होत नाही. एकच चौकोन असला तर त्याला पोचपावती म्हणतात."

"मग पोचपावतीच घ्या की. पोरीचं लगीन लागंल."

तात्यांनी पुढचा कागद ओढला. ते पट्टीने रेघ मारत होते.

मोजणी अधिकारी म्हणून शिवांजलीचे नाव एकमताने ठरले. मोजण्याचे काम तिचे रोजचेच होते, आणि निकालात तिचे हित उघड असल्यामुळे ती निःपक्षपाती राहील, असा तर्क दादांनी मांडला. मतदानाच्या सकाळी तिने दारात ऋषिराजला गाठले.

"तुमचं मत?"

"हे काय इचारनं झालं व्हय? दादालाच," ऋषिराज म्हणाला. "तुझ्या गळ्याशपत."

"तात्या, तुमचं?"

"चिटणिसाला असं विचारायचं नसतं," तात्या म्हणाले. मग मुलीकडे पाहून हळू आवाजात म्हणाले, "दादांनाच, बाळ."

हे म्हणताना ते खरेच बोलत होते. घोळ झाला तो पडद्याआड गेल्यावर.

पडदा म्हणजे विजयाचा एक न वापरलेला फ्लेक्स उलटा टांगला होता. त्याच्या मागे टेबल, शाईचे पॅड आणि शिक्का. तात्यांनी शिक्का उचलला आणि सवयीप्रमाणे निकालाचा अंदाज बांधला. अठ्ठेचाळीसपैकी अठ्ठेचाळीस. हा आकडा त्यांच्या डोळ्यांना खटकला. वर्कशॉपमध्ये एखाद्या दाबमापकाचे आकडे दिवसभर तंतोतंत सारखे आले, की तात्या आनंदी होत नसत, ते मापक उघडून बघत. सगळे आकडे सारखे येणे याचा अर्थ काटा अडकलेला असणे. उद्या गावात हेच म्हणतील. निवडणूक लुटूपुटूची होती, ठरवून केली, मुलीचे लग्न उरकण्यासाठी केली. मग शपथा सुटूनही सुटल्या नाहीत असे होईल. निकाल खरा दिसायचा तर एक मत तरी विरोधात गेले पाहिजे. सत्तेचाळीस विरुद्ध एक. किती भारदस्त आकडा.

पण ते एक मत देणार कोण? बाकीचे सगळे भाबडे, निष्ठावंत. असला कटू विचार त्यांच्या डोक्यात येणे शक्य नाही. ज्याला व्यवस्था कळते त्यानेच ते विष पचवले पाहिजे. तात्यांचे डोळे भरून आले. दादांसाठी, मुलीसाठी, संघाच्या प्रतिष्ठेसाठी त्यांनी 'वरीलपैकी कोणी नाही' या चौकोनात शिक्का मारला. शिक्का नीट चौकोनाच्या मध्यभागी बसला आहे, याची खात्री केली आणि बाहेर आले.

अकरा वाजता पेटी उघडली. धनाजीने मांडीशी नव्या चपलांचा खोका धरला होता. सहा चहा सोडलेल्यांसाठी कोपऱ्यात स्टोव्हवर आधण ठेवले होते. दाढीवाल्यांनी न्हाव्याला बोलावून बाकावर बसवले होते. शिवांजलीने पहिली मतपत्रिका उघडली.

"कोणी नाही," ती म्हणाली.

तात्यांना बरे वाटले. आपले मत पहिल्याच झटक्यात निघून गेले, आता मार्ग मोकळा.

"कोणी नाही."

हे कदाचित आपले असेल, तात्यांनी विचार केला. मग पहिले कोणाचे?

"कोणी नाही. कोणी नाही. कोणी नाही."

दहाव्या मतपत्रिकेला धनाजीच्या पायाची बोटे आक्रसली. विसाव्याला कोणीतरी स्टोव्ह बंद केला. तिसाव्याला न्हाव्याने वस्तरा मिटला. शिवांजलीच्या आवाजात चढउतार नव्हता. ती एकाच प्रकारच्या पेशी मोजत असल्यासारखी मोजत होती आणि प्रत्येक कागद त्याच ढिगावर ठेवत होती. दुसऱ्या ढिगाची जागा टेबलावर रिकामीच राहिली. शेवटचा कागद तिने वर धरला, तो कोणाच्या हातचा होता ते सगळ्यांना कळले, कारण त्यावर अत्तराचा वास होता आणि आघाडीत अत्तर फक्त दादा लावत.

"कोणी नाही," ती म्हणाली.

धनाजीने चपलांचा खोका बाकाखाली सरकवला. मग धनाजीनेच तोंड उघडले.

"मी म्हटलं, समद्यांचीच मतं पडली तर बरं दिसत न्हाई. एखादं उलटं असावं. म्हणून मी आपलं टाकलं."

"मीबी तेच केलं की गड्या," मेहुण्याशी न बोलणारा म्हणाला. त्याचा मेहुणा शेजारीच उभा होता. तोही तेच म्हणाला, पण दुसरीकडे बघून.

"माझं एकटीचं गेलं तर काय हुतंय, दादा येत्यातच की," मनुबाई म्हणाल्या. "जरा दादांना ठेच असावी म्हटलं, म्हंजी पुढं वार्डात यीत जात्याल."

"चार वर्सं आमी अनवाणी म्हणून लगीनघरी पयली पंगत आमची असती," एक अनवाणी हळूच म्हणाला. "शपत सुटावी, पण माझ्या मतानं सुटली असं नको व्हायला, एवढंच." त्याच्याकडे सगळ्यांनी रागाने पाहिले, कारण त्याने खरे सांगितले होते.

दादांनी घसा खाकरला. "स्वतःलाच मत देणं आमच्या घराण्यात नाही. मला वाटलं, सत्तेचाळीस आहेतच."

शिवांजलीने ऋषिराजकडे पाहिले. मग इतर सगळ्यांनी पाहिले.

"मी देणारच हुतो," ऋषिराज म्हणाला. "पर शिक्का उचलला आन् मनात आलं, लोक म्हणत्याल, बघा, त्यागमूर्ती म्हणवतोय आन् लग्नासाठी मत दिलं. एक डाग लागला की जन्माचा लागतोय गं. म्हटलं, बाकीच्यांच्या मतानं होऊ दे लगीन. आपण स्वच्छ ऱ्हावं."

"राहिलात," शिवांजली म्हणाली.

तात्यांकडे तिने पाहिले नाही. ते त्यांना जास्त लागले. त्यांच्या तोंडात दाबमापकाचे उदाहरण तयार होते, ते तसेच राहिले. तिने अठ्ठेचाळीस कागद ठोकून एकसारखे केले, दोरा बांधला, आणि पर्स खांद्याला लावली.

"फेरमोजणी पायजे असंल तर आपापसात करा. मला दहा तारखेला हजर व्हायचंय."

ती गेल्यावर सभा चालूच राहिली, कारण सभा संपवण्याचा ठराव कोणी मांडला नाही. समोरच्या पार्टीने मते फोडल्याचा संशय एकाने व्यक्त केला. शिक्क्यात दोष असावा असे दुसरा म्हणाला. हा निकाल म्हणजे दादांचा नैतिक विजय आहे, कारण प्रत्येकाने मत दादांच्या भल्यासाठीच दिले, असे तिसऱ्याने सिद्ध केले आणि त्याला टाळ्या मिळाल्या. आठ फेब्रुवारीचे कार्यालय आणि जेवण ठरलेले होते. ते वाया जाऊ नये म्हणून त्या दिवशी तेथे चिंतन शिबिर घेण्यात आले. नवऱ्यासाठी सजवलेल्या खुर्चीवर ऋषिराज बसला, शेजारच्या खुर्चीवर दादा बसले, आणि जिलेबी चांगली झाली होती. ती गोड सोडलेल्या तिघांनी खाल्ली नाही.

शिवांजली दहा तारखेला सकाळच्या एसटीने पुण्याला गेली. बनुबाई स्टँडवर पोचवायला गेल्या होत्या. परत येऊन त्यांनी कपाटातल्या पत्रिका चुलीजवळ ठेवल्या आणि पंधरा दिवस त्या एकेक करून जाळल्या. तात्यांना त्यांनी तेवढे दिवस चहा दिला नाही. तात्यांनी तो शपथ नोंदवहीत घ्यावा की नाही यावर बराच विचार केला, पण त्यांनी तो आपणहून सोडलेला नसल्यामुळे नोंद करता येईना.

हा निकाल पुढे तालुक्याबाहेरही पसरला आणि ज्याने ज्याने ऐकला तो हसला. आम्ही त्या पडद्याआड असतो तर आमचे मत डोळे मिटून दादांना गेले असते, असे तासगावपासून जतपर्यंत पुष्कळांनी कळवले. पुण्यामुंबईहूनही फोन आले. यांतले काहीजण नगरपंचायतीच्या मतदानादिवशी जोडून सुट्टी आली म्हणून कोकणात गेले होते, कारण दादा येणारच होते. आपणही हे वाचताना मनात तेच म्हणाला असाल, तर आपलेही नाव तात्या लिहून घेतील. अशा खात्रीच्या मतदारांची त्यांनी वेगळी वही घातली आहे आणि ती भरत आली आहे. संघाच्या कार्यालयात लावलेल्या निकालपत्रकात मात्र त्यामुळे काही फरक पडलेला नाही. एकूण मतदार अठ्ठेचाळीस, झालेले मतदान अठ्ठेचाळीस, अवैध मते नाहीत, आणि दादांना मिळालेली मते : ०.